आमचा ऑर्केस्ट्रा कुणी खाल्ला?

ऑर्केस्ट्रा म्हटला की साहेब लोकांना नरिमन पॉइंट आठवतो. २००६ साली तिथं एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला, वादक कझाकस्तानातून आले. येऊ देत. पण दोस्तहो, आपल्या बापजाद्यांचाही ऑर्केस्ट्रा होता. त्याचं नाव जलसा.

सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलला, गवळण बाजूला सारली नि भटशाहीवर कोरडे ओढले. त्याच वाटेनं १९३१ च्या सुमारास नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज. बस्स. दिवसा राबायचं, रात्री चाळीत उभं राहायचं. मेलेलं ढोर ओढू नका, पोरं शाळेत घाला, हे फार्समधून हसवत सांगायचं. अंगठेबहाद्दर म्हातारीला पेपर कळत नव्हता, पण जलसा कळायचा.

मग १४ ऑक्टोबर १९५६. मी हे प्रताप नगरात बसून लिहितोय, दीक्षाभूमी इथून लांब नाही. धम्म घेतला नि गावकीचं वाजवणं सुटलं. कित्येकांनी हलगीच फेकली. बरोबर केलं! पाटलाच्या मढ्यापुढं हुकमानं वाजवायचं ती कला नव्हे, वेठ. पण काही शहाणे अजून जलशाच्या डफालाही नाक मुरडतात. हुकमाचं वाजवणं वेगळं नि आपल्या मर्जीचं वेगळं, एवढंही कळू नये?

पुढं गायन पार्ट्या आल्या. पेटी, तबला, बेंजो, कव्वालीचा सामना. मोठेपणी अक्षरं गिरवलेले वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले. नागपूरला नागोराव पाटणकर होते. नंतर कॅसिओ, ऑक्टोपॅड आले. त्याचंही वाईट वाटत नाही. वाजवणारा माणूस होता ना समोर!

आता जयंतीला ट्रकवर डीजेच्या भिंती. कंटेनर आला नि गोदीतल्या टोळ्या मोडल्या, आमच्यातले म्हातारे अजून सांगतात. शंभर हातांचं काम एका क्रेननं खाल्लं. डीजे तोच कंटेनर आहे राव! ढोलकीवाला, पेटीवाला, कोरसची पोरं, सगळी टोळी त्यानं गिळली. वर्गणी हमालाची, बिगारीची, भांडीवालीची. जाते बॉक्सवाल्याच्या खिशात. आवाज एवढा की शब्द ऐकू येत नाही. नि शब्दासाठीच तर जलसा होता.

पुढच्या जयंतीच्या मीटिंगला उठून हिशेब मागा. बॉक्सला किती, वाजवणाऱ्याला किती? नि आपल्या गल्लीतल्या ढोलकीवाल्याला शेवटचं कधी बोलावलं, तेही तिथंच विचारा.