संच बदलायचा की खोके जोडायचे?

पूर्वी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मुंग्या दिसत, हे तुम्ही घरच्या मोठ्या माणसांकडून ऐकले असेल. मग कोणीतरी गच्चीवर चढून अँटेना फिरवी आणि खालून ‘आले, आले... गेले!’ असा पुकारा होई. तो काळ अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाचा. त्या पद्धतीत चित्राचा उजेड-अंधार जसा कमीजास्त होतो, तशी लहरही कमीजास्त होते. वाटेत लहरीत जी भेसळ होईल ती थेट चित्रात उतरते. डिजिटल पद्धतीत चित्राचे आधी आकडे करतात, तेही फक्त 0 आणि 1. थोडी भेसळ झाली तरी संच मूळ आकडा ओळखतो. शिवाय हे आकडे दाटीवाटीने बसवता येतात. जिथे एक कार्यक्रम मावे तिथे चार-पाच मावतात, आणि मोकळ्या झालेल्या लहरी मोबाइल फोनला देता येतात.

म्हणजे बदल योग्यच होता. माझे भांडण आहे ते तयारीशी.

अमेरिकेचे पहा. तेथे 17 फेब्रुवारी 2009 ही जुने प्रक्षेपण बंद करण्याची तारीख कायद्याने ठरली होती. जुना संच फेकण्याची गरज नव्हती. एक लहान खोके जोडले की झाले. ते आकडे वाचून जुन्या पद्धतीचे चित्र तयार करते आणि संचाच्या 3 किंवा 4 क्रमांकाच्या वाहिनीवर सोडते. त्यासाठी सरकार मागेल त्या घराला 40 डॉलरची जास्तीत जास्त दोन कुपने देत होते. पण जानेवारी 2009 मध्ये ह्या कामासाठी मंजूर झालेला पैसा संपला आणि लोक प्रतीक्षायादीत अडकले. कोण होते हे लोक? केबलवाल्यांना काही करायचेच नव्हते. अडले ते छपरावरच्या अँटेनावर भागवणारे. त्यांत म्हातारी आणि गरीब माणसे पुष्कळ. गंमत अशी, की ह्याच मोकळ्या होणाऱ्या लहरींचा लिलाव करून सरकारने 2008 मध्ये सुमारे 19 अब्ज डॉलर मिळवले होते! ज्याला लाभ झाला त्याने खोक्यांचा खर्च आधी बाजूला काढायला नको होता का?

अखेर तारीख 12 जूनवर ढकलली गेली, तीही पहिल्या खेपेस मंजूर न होता. उलट हवाई बेटांवर जुने प्रक्षेपण 15 जानेवारीलाच थांबवले होते; कारण हालेआकाला ज्वालामुखीवरचे मनोरे पाडायचे होते, आणि तेथे घरटी करणाऱ्या एका दुर्मिळ समुद्रपक्ष्याची वीण जवळ आली होती. पक्ष्यांसाठी तारीख बदलली हे उत्तमच झाले. माणसांसाठी मात्र एवढी घासाघीस!

पैशाखेरीज दुसरी अडचण अँटेनाची. 8 सप्टेंबर 2008 रोजी विल्मिंग्टन शहरात चाचणी घेतली, तेव्हा खोके जोडूनही काहींना चित्र मिळेना. लहर क्षीण झाली तर अ‍ॅनालॉग चित्र मुंग्यांतूनही दिसत राहते. डिजिटल चित्र मात्र एका मर्यादेखाली एकदम नाहीसे होते. अशा वेळी कोणी ‘खास डिजिटल अँटेना’ विकू लागला तर हसून सोडा. लहरीवर काय लादले आहे हे अँटेनाला कळत नसते. तिची उंची, दिशा आणि लांबी तेवढी ठीक हवी.

ब्रिटनची रीत मला जास्त शहाणपणाची वाटते. 2007 मध्ये व्हाइटहेवनपासून सुरुवात करून 2012 पर्यंत एकेक प्रदेश बदलला. पंचाहत्तरी गाठलेल्यांच्या आणि अपंगांच्या घरी माणूस येऊन खोके जोडून, चालवून दाखवी.

आपल्याकडे 31 ऑक्टोबर 2012 रोजी मुंबईत अ‍ॅनालॉग केबल बंद झाली तेव्हा खोक्याचा भार बहुधा ग्राहकावरच पडला. पुष्कळांनी त्या निमित्ताने चालता संच काढून टाकला. जुन्या चित्रनलिकेच्या काचेत शिसे असते. भंगारात ती फुटली की ते माती-पाण्यात जाऊ शकते. तुमच्या माळ्यावर असा संच असेल तर तो इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या, आणि नलिका घरी उघडू मुळीच नका. आतल्या निर्वातामुळे ती स्फोटासारखी फुटते.