मुंबईची बाईक परदेशात नेली, तर इथला इन्शुरन्स चालतो का?

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. मुंबईहून बाईकवर निघालेला एक मराठी रायडर १७ देश पार करून इंग्लंडला पोचला. नॉटिंगहॅममधल्या वॉलटन पार्कजवळ तो नाश्त्याला थांबला आणि तेवढ्यात चोरांनी त्याची केटीएम पळवली. सामानातला पासपोर्टही गेला.

बातमी फिरायला लागली तसा आमच्या बोरिवलीच्या मित्रांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "इन्शुरन्सचे पैसे मिळतील ना पण?" त्यावर एकाने लगेच लिहिलं, "नव्या बाईकला ५ वर्षांचा असतोच की."

घोळ इथेच आहे.

सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या टू-व्हीलरला ५ वर्षांचा इन्शुरन्स सक्तीचा झाला, पण तो फक्त थर्ड पार्टी. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं, तर त्याची भरपाई. तुमची गाडी चोरीला गेली तर यातून एक रुपया मिळत नाही, मग ती नॉटिंगहॅममधून जावो नाहीतर अंधेरी स्टेशनबाहेरून. चोरीसाठी 'ओन डॅमेज' कव्हर लागतं आणि त्याचे पैसे वेगळे.

बरं, समजा तेही घेतलंय. तरी पॉलिसी उघडून 'जिओग्राफिकल एरिया' ही ओळ शोधा. तिथे 'इंडिया' लिहिलेलं असतं. जादा प्रीमियम भरून ही हद्द वाढवता येते, पण ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान एवढ्यापुरतीच. (मालदीवला बाईक कोण नेतं, हा प्रश्न मलाही पडला.) नेपाळ-भूतानच्या राईडला आपल्याकडून बरेच जण जातात. त्यांनी निघण्याआधी कंपनीकडून ही वाढीव हद्द पॉलिसीवर नोंदवून घ्यायला हवी. एजंटने फोनवर "चालतं हो" म्हटलं, याला क्लेमच्या वेळी काही किंमत नाही.

मग युरोपात काय?

तिकडे 'ग्रीन कार्ड' नावाची पद्धत १९५३ पासून सुरू आहे. एका देशाचा थर्ड पार्टी इन्शुरन्स दुसऱ्या सदस्य देशात मानला जातो. तुर्कस्तान आणि इराणसुद्धा त्यात आहेत. भारत नाही. त्यामुळे एमएच-४७ ची प्लेट घेऊन युरोपच्या सीमेवर गेलात, की 'फ्रंटियर इन्शुरन्स' नावाची तात्पुरती पॉलिसी विकत घ्यावी लागते.

ब्रिटनमध्ये फिरायला आलेल्या माणसाला परदेशी नंबरप्लेटची गाडी १२ महिन्यांत जास्तीत जास्त ६ महिने तिथे रजिस्टर न करता चालवता येते. इन्शुरन्स मात्र पहिल्या दिवसापासून हवा. तो मिळवणं हीच खरी कटकट, कारण तिथल्या कंपन्यांचे ऑनलाइन फॉर्म ब्रिटिश नंबरप्लेट विचारतात. परदेशी गाड्यांची कामं करणारा ब्रोकर शोधावा लागतो.

एक गंमत बघा. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि ब्रिटनचा रोड ट्रॅफिक ॲक्टही १९८८ चाच. दोन्हीकडे थर्ड पार्टी सक्तीचा. पण आपल्याकडे टू-व्हीलरने दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं, तर पॉलिसीतून मिळणारी भरपाई १ लाख रुपयांवर थांबते. तिथली किमान मर्यादा १२ लाख पौंड आहे. आपली पॉलिसी तिथे का मानत नाहीत, याचा अंदाज यावरून येईल.

आता पुन्हा चोरीकडे. सीमेवर मिळणारी पॉलिसी साधारणपणे फक्त थर्ड पार्टी असते. म्हणजे रस्त्यावर चालवायला तुम्ही कायदेशीर, पण बाईक गेली तर गेली! इथली ओन डॅमेज पॉलिसी देशाबाहेर लागू नाही आणि तिथली चोरीला लागू नाही. चोरीचं कव्हर हवं असेल, तर ते तसं स्पष्ट मागून, वेगळे पैसे देऊनच घ्यावं लागतं.

"पण कार्नेट काढलंय ना!" असंही कुणीतरी म्हणतंच. चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळणारं कार्नेट हा कस्टम्सचा कागद आहे, इन्शुरन्सचा नाही. गाडी त्या देशात विकणार नाही, बाहेर नेईन, याची ती हमी. इराण किंवा इजिप्तसारख्या कार्नेट मागणाऱ्या देशात बाईक चोरीला गेली, तर ती बाहेर पडल्याचा शिक्का मिळत नाही आणि उलट तुमच्याकडूनच ड्युटी मागितली जाऊ शकते. म्हणून पोलिसांचा रिपोर्ट त्याच दिवशी हातात घ्यायचा आणि कार्नेट देणाऱ्या संस्थेला कळवायचं.

वर्षभराच्या पोस्टिंगला किंवा शिकायला जाणारे बहुतेक जण बाईक नेत नाहीत. ती मुलुंड-घाटकोपरच्या सोसायटीत कव्हरखाली उभी राहते आणि पॉलिसी गुपचूप संपते. संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू केली नाही, तर साठवलेला नो क्लेम बोनस जातो. हा बोनस ओन डॅमेजच्या प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट देतो. शिवाय मधल्या काळात पार्किंगमध्ये पाणी भरलं किंवा बाईक चोरीला गेली, तर क्लेम करायला पॉलिसीच नसते. त्यामुळे बाईक ठेवून जात असाल, तर रिन्यूअलची तारीख घरच्यांच्या फोनमध्ये टाकून जा. विकून जात असाल, तर कंपनीकडून नो क्लेम बोनसचं सर्टिफिकेट मागून घ्या. ते ३ वर्षं चालतं, परत आल्यावर नवी बाईक घेताना वापरता येतं.