धुराड्यातून निसटणारा मिथेनही मोजा

जहाजांच्या इंधनाचा विषय निघाला की एलएनजीचे पुरस्कर्ते एक आकडा पुढे करतात: जड तेलापेक्षा कार्बन डायऑक्साइड सुमारे २५ टक्के कमी. आकडा खरा आहे. गंधक जवळजवळ नाही, काजळी फारच थोडी, हेही खरं. २००० साली नॉर्वेत ‘ग्लुत्रा’ ही फेरीबोट एलएनजीवर धावू लागली, २०१३मध्ये ‘व्हायकिंग ग्रेस’ तुर्कू-स्टॉकहोम मार्गावर आली. अशा जहाजांमुळे बंदरांची हवा सुधारते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावरून एलएनजी हवामानालाही तारेल असं जे सांगितलं जातं, ते मला साफ अमान्य आहे.

एलएनजी म्हणजे बहुतांशी मिथेन, उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला. एक टन एलएनजी जाळला की पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढीच ऊर्जा जड तेलातून काढायची तर सुमारे पावणेचार टन. बचत एक टनाची. आता इंजिनात डोकावू. फेरीबोटी आणि क्रूझ जहाजांवरच्या कमी दाबाच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत गॅस हवेत मिसळूनच सिलिंडरमध्ये शिरतो. पिस्टन आणि लायनर यांच्यामधल्या फटीत, थंड भिंतीलगत ज्योत पोचत नाही. तिथला गॅस न जळताच धुराड्यातून बाहेर जातो. लोड कमी असला, म्हणजे बंदरात शिरताना वगैरे, तर जास्तच. युरोपीय संघाच्या फ्युएलईयू मेरिटाइम नियमांत या इंजिनांसाठी ३.१ टक्के गळती धरली आहे. टनामागे ३१ किलो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ ३० पट तापवतो, म्हणजे टनाची बचत जवळपास संपलीच. वीस वर्षांचा हिशेब धरला तर ८० पटींहून अधिक, आणि तोटा बचतीच्या अडीचपट! विहिरीपासून टर्मिनलपर्यंतची गळती यात धरलेलीच नाही. शिवाय आयसीसीटी या संस्थेने अशा इंजिनांच्या धुराचं समुद्रावर प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा सरासरी ६.४ टक्के गळती आढळली.

म्हणून काही पर्यावरणवादी म्हणतात, गॅसच नको. तेही मला पटत नाही. मोठ्या मालवाहू जहाजांच्या उच्च दाबाच्या टू-स्ट्रोक इंजिनांत आधी हवा दाबली जाते, मग गॅस आत फवारला जातो आणि लगेच जळतो. त्यांची गळती त्याच नियमांत ०.२ टक्के धरली आहे, टनामागे दोन किलो. गॅस तोच, पण हिशेब पार बदलतो. अशा इंजिनांना आणि कमी दाबाच्या इंजिनांना एकाच दावणीला बांधून ‘एलएनजी चांगला’ किंवा ‘एलएनजी वाईट’ म्हणणं हा दोन्ही बाजूंचा आळस आहे.

खरा मार्ग बायोगॅसचा आहे. आपल्या गोबरगॅसमध्ये जळतो तोच हा मिथेन. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड काढून तो थंड केला की त्याच टाक्यांत, त्याच पाइपांतून चालतो. नॉर्वेतल्या स्कोग्नच्या प्लँटमध्ये मासळी उद्योगाच्या टाकाऊ मालापासून असा द्रवरूप बायोगॅस तयार होतो. शेण आणि मासळीचा कचरा उघड्यावर कुजला असता तर मिथेन हवेत गेलाच असता, म्हणून इथे फायदा दुहेरी. जर्मनीसारखी शेतं मक्याखाली घालून केलेला बायोगॅस मात्र मला नको. ती जमीन अन्नासाठी आहे.

यावर आक्षेप येतो, बायोगॅस पुरणार कुठे? जगातली जहाजं वर्षाला सुमारे ३० कोटी टन इंधन जाळतात, तेवढा कचऱ्यातून निघणार नाही, हे मान्य. म्हणूनच तो ठरलेल्या मार्गावरच्या, रोज त्याच बंदरात इंधन भरणाऱ्या जहाजांना आधी द्यावा. आणि कमी दाबाच्या इंजिनातून निसटलेला बायोगॅसही वातावरण तापवतोच. शेणातून आला म्हणून त्याला माफी नाही.

विहिरीपासून धुराड्यापर्यंतचा मिथेन हिशेबात धरणारी चौकट आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत एप्रिल २०२५मध्ये मंजूर झाली, भारताने बाजूने मत दिलं. ऑक्टोबरमध्ये अंतिम स्वीकृती वर्षभर पुढे ढकलली गेली. मतदान पुन्हा होईल तेव्हा भारताने आपलं मत बदलू नये, आणि मिथेनचा रकाना वगळायची सवलत कुणालाही देऊ नये.