पदवी नागपूरची, परीक्षा पुन्हा परदेशात

नागपूरच्या मेडिकलमधून फिजिओथेरपीची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतली मुलेमुलीही आहेत. कुणाचा आजा एम्प्रेस मिलच्या साच्यावर उभा होता, कुणाची आई आजही चार घरची धुणीभांडी करते. राखीव जागा आणि शिष्यवृत्ती यांच्या बळावर ही मुले पदवीपर्यंत पोहोचली. आता त्यांतले काही ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, कॅनडाकडे पाहतात, आणि तिथे त्यांना कळते की नागपूरची पदवी विमानातून उतरली की नुसता कागद होते.

बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टरी केली आणि १९२३ मध्ये मुंबईत येऊन वकिली सुरू केली. विलायतेचा कागद इथे बिनबोभाट चालत होता. इथला कागद मात्र तिथे पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

या तपासणीला आमचा विरोध नाही. रुग्णाच्या मानेला आणि मणक्याला हात लावणाऱ्या माणसाचे ज्ञान तपासलेच पाहिजे. कायरोप्रॅक्टिकचे उदाहरण घ्या. मणका व सांधे हाताने सरळ करण्याची ही पद्धत १८९५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. ऑस्ट्रेलियात परदेशातून शिकून आलेल्या कायरोप्रॅक्टरची कागदपत्रे आधी तपासली जातात, ज्ञान आणि हातातले कसब पारखले जाते, आणि मगच तिथले मंडळ नोंदणी देते. आपल्याकडे या व्यवसायाला कायद्याने नेमलेली स्वतंत्र परिषदच नाही. ‘कायरोप्रॅक्टर’ ही पाटी लावणारा कुठे शिकला, हे विचारायचे कुणी? मग परदेशातल्या मंडळाने पहिल्यापासून सगळे तपासले तर त्याला दोष कसा द्यायचा?

फिजिओथेरपीचे तसे नाही. तिला विद्यापीठ आहे, राज्याची परिषद आहे. तरीही ऑस्ट्रेलियात आधी कागदपत्रांची पात्रता, मग लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष परीक्षा अशा पायऱ्या चढाव्या लागतात. इंग्लंडची परिषद तुमचा अभ्यासक्रम स्वतःच्या निकषांशी ताडून पाहते. अमेरिकेत पदवीचे मूल्यमापन झाल्यावर राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी वेगळी.

खरी दमछाक परीक्षेच्या आधीच होते. अभ्यासक्रमाचा तपशील व रुग्णसेवेच्या तासांचा दाखला नागपूरच्या महाविद्यालयाकडून, गुणपत्रकांची अधिकृत प्रत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून, नोंदणी आणि चांगल्या वर्तणुकीचे पत्र मुंबईच्या परिषदेकडून. तीन शहरे, तीन खिडक्या! पुष्कळ कागद त्या कार्यालयांनी थेट परदेशी मंडळाला पाठवायचे असतात, विद्यार्थ्याच्या हातून चालत नाहीत. एका पत्राला उशीर झाला की अख्खा अर्ज लोंबकळतो.

त्यात नावाचा घोळ. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टावर वेगळा क्रम. लग्नानंतर मुलीचे नाव बदललेले. ज्या घरांनी जुने जातिवाचक आडनाव टाकून नवे घेतले, त्यांच्या घरात दोन पिढ्यांचे कागद दोन नावांचे. आपण जे स्वाभिमानाने केले त्याचा पुरावा राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र काढून द्यावा लागतो. ज्याचा काका मेलबर्नला आहे त्याला ही वाट घरबसल्या कळते. ज्याच्या घरात तो पहिलाच पदवीधर, तो सीताबर्डीच्या एजंटाच्या काचेच्या दारात उभा राहतो आणि जे काम स्वतः करता आले असते त्याचे पैसे मोजतो.

पण देशाने सामूहिक मान्यता मिळवली की एकट्यावरचे ओझे हलके होते. डॉक्टरांचेच पाहा. वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाची मान्यता राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये दहा वर्षांसाठी मिळवली आणि देशभरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांचा अमेरिकेच्या परीक्षांचा रस्ता खुला राहिला. ऑक्युपेशनल थेरपीत भारत १९५२ च्या जागतिक महासंघाचा संस्थापक सदस्य होता. त्या महासंघाने मान्य केलेल्या अभ्यासक्रमाच्या पदवीला कित्येक देशांत निदान ओळख तरी असते. फिजिओथेरपीला मात्र केंद्रीय कायद्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले. कायदा झाल्यावरही सरकारे ढिम्मच. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला व राज्यांना मुदत घालून दिली. डॉक्टरांसाठी देश बोलतो आणि इतरांनी आपापले भांडावे, ही दवाखान्यातली उतरंड आपल्याला ओळखीची वाटली तर नवल नाही.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी मिळते. ती परदेशातल्या नामांकित विद्यापीठात शिकण्यासाठी आहे, आणि ती हवीच. पण पदवी इथेच पूर्ण केलेल्या मुलीला मूल्यमापनाचे व परीक्षांचे शुल्क डॉलरमध्ये भरायचे आहे. तिच्यासाठी त्या योजनेत रकाना नाही. पैसे नाहीत असे सरकारने सांगू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच राज्याने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग प्रांताशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचा भार स्वतः उचलायचे ठरवले. परक्या देशाची गरज भागवायला तिजोरी उघडते, तर समाजकल्याण खात्याने मूल्यमापनाचे शुल्क का देऊ नये? आधी शुल्क भरावे, नोकरी लागल्यावर बिनव्याजी वसूल करावे, इतकी साधी योजना आहे. बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते, तिने नागपुरात या अर्जांसाठी एक मार्गदर्शन कक्ष उघडावा.

हे होईपर्यंत अंतिम वर्षाच्या मुलामुलींनी तीन कामे आजच करावीत. अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत आणि रुग्णसेवेच्या तासांचा दाखला महाविद्यालय सोडण्यापूर्वी घ्यावा, कारण दहा वर्षांनी ती नोंदवही शोधून देणारा बाबू तिथे नसेल. परिषदेची नोंदणी कधीही खंडित होऊ देऊ नये. आणि पासपोर्ट काढताना नाव गुणपत्रकाप्रमाणेच, एका अक्षराचाही फरक न ठेवता लिहावे.