परीक्षक न सांगता यावा

संत गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा शासनाने एक शहाणपण दाखवले : अनुदान आधी नाही, बक्षीस नंतर. गावे श्रमदानाला उतरली. उकिरडे हलले, गटारे वाहती झाली. त्या काळी वार्ताहर म्हणून काही गावे पाहण्याचा योग आला. तपासणी समितीच्या स्वागताला सडा, रांगोळ्या, लेझीम! महिनाभराने एका गावाच्या त्याच वेशीत नाक मुठीत धरावे लागले.

यात ग्रामस्थांची लबाडी शोधू नये. परीक्षेची तारीख ठाऊक असली, की अभ्यास आदल्या रात्रीच होतो. इंग्लंडमधील अनेक काउंट्यांत सुव्यवस्थित गावांच्या स्पर्धा स्वयंसेवकच चालवतात. तेथे परीक्षक न कळवता येतो. बसथांबा, दफनभूमी, मुलांचे मैदान न्याहाळतो आणि निघून जातो. पद्धत परकी वाटेल. पण गाडगेबाबा तरी कुठे वर्दी देऊन येत? गावात शिरले, की खराटा हाती घेत, दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला खडे प्रश्न विचारत.

आपले कार्यकर्ते, निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन तरुण यांना अशी स्पर्धा भरवायला शासकीय आदेश कशाला हवा? दहा गावे आणि एक गुणपत्रिका पुरे. परीक्षक मात्र शेजारच्या तालुक्यातला असावा, म्हणजे भावकी आड येणार नाही. त्याने भर पावसाळ्यात, चिखलाच्या दिवसांत यावे. आणि तपासणी मारुतीच्या पारापासून नव्हे, गावकुसाबाहेरच्या शेवटच्या घरामागून सुरू करावी.