गजकर्णावरचा दिवा मिरजेत तपासा

नखांची बुरशी लेझरने घालवून देतो, अशा जाहिराती इथे प्लेनोत दात पांढरे करण्याच्या आणि टकलावर केस उगवण्याच्या जाहिरातींना खेटून लागलेल्या असतात. मला या शेजाराचा राग येतो. मी मूळची सांगलीची. औषधनिर्माणशास्त्र तिकडेच शिकले आणि आता टेक्ससमधल्या या गावात फार्मसीच्या काउंटरवर उभी असते. बुरशीवर प्रकाशाचा मारा ही थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही. पण सध्या ती जिथे विकली जाते, तिथे तिचं पार हसं होणार आहे. नखांसाठीच्या काही लेझर यंत्रांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मुभा मिळालेली आहे, तीसुद्धा नख तात्पुरतं अधिक स्वच्छ दिसावं एवढ्यापुरती. बुरशी बरी होते असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पैसे मोजणाऱ्याला हा फरक कोण सांगतो?

काउंटरवर मला खरी भेटते ती दुसरीच बुरशी. मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या मावशी हळू आवाजात मराठीत विचारतात. कंबरेला, जांघेत गजकर्ण आहे, वर्ष झालं, जातच नाही. "अगं, इथल्या मलमात दमच नाही. आमच्या मेडिकलवाल्याची ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज बंद." मग पर्समधून ती ट्यूब निघते. एकाच मलमात क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड, एक-दोन जंतुनाशकं आणि बुरशीवरचं एखादं औषध. स्टेरॉइडने खाज थांबते, लाली उतरते, त्वचेचा प्रतिकारही झोपतो आणि बुरशी निवांत पसरते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही मावशींच्या पर्समध्ये ट्यूब असतेच.

अर्धवट उपचारांच्या या वातावरणात भारतात जी बुरशी फोफावली, तिला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं स्वतंत्र नाव मिळालं. टर्बिनाफिन हे गजकर्णावरचं हुकमी औषध ज्या एन्झाइमवर नेम धरतं, त्याच्याच जनुकात हिच्या अनेक वाणांनी बदल केला आहे. त्यामुळे गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तरी अनेकांना उतार पडत नाही. मग इट्राकोनॅझोल द्यावं लागतं, आणि ते इतर बऱ्याच औषधांशी भांडतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांमध्ये ही बुरशी सापडल्याचं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने जाहीर केलं. त्यातल्या एका बाईंनी अलीकडे परदेश प्रवास केलेलाच नव्हता. आमच्याच परिसराचं सांगायचं, तर 2021 मध्ये डॅलस भागातल्या दोन रुग्णालयांत कँडिडा ऑरिस ही यीस्ट सापडली. काही रुग्णांमध्ये तिच्यावर बुरशीविरोधी औषधांचे तिन्ही प्रमुख गट निकामी ठरले होते. गजकर्ण माणसाला मारत नाही. ही मारते.

म्हणून प्रकाश. तत्त्व सोपं आहे. बुरशीत शिरणारा एखादा रंग लावायचा, उदाहरणार्थ मिथिलीन ब्लू, आणि त्याच्यावर लाल प्रकाश टाकायचा, साधारण 660 नॅनोमीटरचा. रंग ती ऊर्जा शोषतो आणि जवळच्या ऑक्सिजनला देतो. चेतवलेला ऑक्सिजन बुरशीची पटलं, प्रथिनं, जनुकं सगळ्यांवर एकदम तुटून पडतो. टर्बिनाफिनला एकच एन्झाइम सापडतं, म्हणून एका बदलाने त्याला चकवता येतं. इथे चकवायचं तर एकाच वेळी सगळंच बदलावं लागेल. रंग आणि प्रकाश मिळून सूक्ष्मजीव मरतात हे ऑस्कर राब या विद्यार्थ्याने म्युनिकमध्ये पाहिलं आणि 1900 साली प्रसिद्ध केलं होतं. आपल्याकडे लहान मुलाच्या तोंडात पांढरे चट्टे आले की जांभळं औषध लावायचे, ते जेन्शन व्हायोलेटही बुरशी मारणारा रंगच. त्याला दिवा लागत नसे, एवढंच.

पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत मेलेली बुरशी आणि माणसाच्या जांघेतली बुरशी यांत फार अंतर आहे. लाल प्रकाश त्वचेत काही मिलिमीटर उतरतो, निळा त्याहून कमी. वरच्या थरातल्या बुरशीला तेवढा पुरेल. केसांच्या मुळाशी दडलेली सुटेल आणि महिन्याभरात परत वर येईल. नख तर त्याहून कठीण. ब्राझीलमध्ये मिथिलीन ब्लू आणि लाल प्रकाश वापरून नखांवर झालेले प्रयोग आशा वाटावी असे होते, पण ते लहान होते.

हे अंतर खरोखर मोजलं ते मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने. उसाचं पातं किंवा भाताची साळ डोळ्याला लागून बुब्बुळावर बुरशीची जखम होते. सांगली-कोल्हापूरकडे हे कोणाला नवं नाही, बरी झाली तरी डोळ्यात फूल पडतं. अशा जखमांवर रायबोफ्लेविन आणि अतिनील प्रकाश वापरावा, ही कल्पना जगभर उचलून धरली गेली होती. मदुराईत रीतसर चाचणी झाली, 2020 मध्ये निष्कर्ष आले: फायदा नाही, उलट दृष्टी आणखी कमी होण्याची शक्यता. नंतर रोज बेंगाल हा रंग आणि हिरवा प्रकाश यांची चाचणीही झाली. मायामीच्या डॉक्टरांना आधी काही रुग्णांत चांगला गुण आला होता. तरी या चाचणीत नेहमीच्या थेंबांना प्रकाशाची जोड देऊन दृष्टीत फरक पडला नाही. याच अरविंदमधल्या 2013 च्या एका चाचणीत नाटामायसिन या जुन्या थेंबांनी व्होरिकोनॅझोल या नव्या औषधाला मागे टाकलं होतं. अशा नकारांमुळे किती शेतमजुरांचे डोळे वाचले असतील, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

नकार आले म्हणून प्रकाश मोडीत काढा, असं मला म्हणायचं नाही. व्हँकुव्हर जनरल हॉस्पिटलात शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकपुड्यांत मिथिलीन ब्लू लावून लाल प्रकाश सोडतात. तिथलं लक्ष्य जिवाणू आहेत, पण जागा उथळ, आत शिरायला सोपी, आणि काम नेमकं. कँडिडा ऑरिसही रुग्णाच्या काखेत, जांघेत, नाकात मुक्काम ठोकते. दिव्याला शोभेल असं काम तिथे असू शकेल. गजकर्णातही असू शकेल, विशेषतः गरोदर बायकांमध्ये किंवा यकृत बिघडलेल्यांमध्ये, ज्यांना गोळ्या देताना डॉक्टरांचा हात आखडतो.

'असू शकेल' याच्या पुढे जायचं तर चाचणी हवी, आणि ती प्लेनोत होणार नाही. इथे यंत्रं आहेत, पैसा आहे, रुग्ण तुरळक. रुग्ण आहेत ते मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मुंबईच्या केईएमच्या त्वचा विभागाबाहेरच्या रांगेत. त्यांच्यातल्या निम्म्यांना नेहमीचं औषध आणि रंग-दिवा, उरलेल्यांना तेच औषध आणि नुसताच दिवा. आधी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, कल्चर लावायचं, जनुकातला बदल तपासायचा. ज्यांच्याकडे ती ट्यूब असेल त्यांची आधी सोडवायची. मदुराईने डोळ्यांसाठी जे केलं ते त्वचेसाठी आपण का करू नये, याचं एकच उत्तर मला दिसतं: मिथिलीन ब्लू 1876 चं आहे, त्यावर कुणाचं पेटंट नाही, त्यामुळे कोणतीही कंपनी पैसे घालणार नाही.

पैसे आम्ही घालू शकतो. इथली मराठी माणसं गावच्या शाळेला, देवळाच्या जीर्णोद्धाराला चेक पाठवतात. एखाद्या वर्षी तो चेक अशा चाचणीला जावा. फक्त देणाऱ्यांना यंत्रावर आपलं नाव हवं असतं, आणि इथे दिव्याचा खर्च किरकोळ आहे. पैसा लागेल तो कल्चर नीट लावणाऱ्या प्रयोगशाळेला, आणि सहा महिन्यांनी फोन करकरून रुग्णाला परत बोलावणाऱ्या माणसाच्या पगाराला.