मुक्काम एकत्र, पैसेही आधी

सुटीत आठ-दहा कुटुंबांनी मिळून मोठा बंगला घ्यावा, ही कल्पना छानच. पण सिंगापुरात खासगी घर दोन रात्रींसाठी भाड्याने घेता येत नाही. २०१७ पासून किमान मुदत सलग ३ महिने आहे. एचडीबी फ्लॅटची तर ६. तेव्हा स्वस्त जाहिरातीला भुलू नये. पासीर रिसला एनटीयूसी क्लबचे डी'रिसॉर्ट आहे, बार्बेक्यूची सोयही आहे.

खरी अडचण पैशांची. आगाऊ रक्कम एकाच्या कार्डावर जाते, आणि ऐन वेळी दोन कुटुंबे गळाली की भुर्दंड त्याच्याच माथी! माझ्या मते बुकिंगआधीच प्रत्येकाने वाटा द्यावा. गळणाऱ्याला तो बदली कुटुंब मिळाले तरच परत. आणि वाटणी घरटी नको, खाटांप्रमाणे हवी; तान्ह्या बाळाचे कसले पैसे?